जुनी कॅम्पर आणि तोंडावर आलेला पाऊस

नमस्कार, श्रोतेहो.

ज्यांच्या दारात जुनी, छोटी मोटरहोम उभी आहे त्यांच्याशी आज मला बोलायचंय. ज्यांच्या मनात ती घ्यायचं घाटतंय त्यांनीही ऐकावं. नाशकात अशा गाड्या आता अधूनमधून दिसतात. बहुतेक मूळच्या टेम्पो ट्रॅव्हलर, शाळेची किंवा टुरिस्टची बस म्हणून आयुष्य काढलेल्या. काही ओम्नी. क्वचित कुणा हौशी माणसाने जपलेली मॅटाडोर. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, छतावर सोलर आणि मालकाच्या डोळ्यांत लडाख. लडाखला जरूर जा. पण आधी कसारा घाट उतरून पुन्हा चढून या.

ट्रॅव्हलरचं खानदान चांगलं आहे. बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवरून ती आणली. त्याच टी-वनवर जर्मनीत वेस्टफालियाने जेम्स कुक नावाची मोटरहोम बांधली होती, म्हणजे हा सांगाडा या कामाला परका नाही. तिचं इंजिन आपल्याकडचे जुने डिझेल मिस्त्री आवाजावरून ओळखतात, पार्टही मिळतात. म्हणून इंजिनावर मी आज वेळ घालवणार नाही. इंजिनाला वाली आहे. वाली नसतो तो मागच्या घराला.

मेकॅनिक म्हणतो, ओटा-बिटा माझं काम नाही. सुतार म्हणतो, पत्र्याला भोक तुम्हीच पाडून आणा. घरगुती वायरमन बॅटरी बघून हसतो, म्हणतो, ‘बारा व्होल्टमध्ये काय शॉक लागणार आहे, साहेब!’ आणि गाडी बिघडते ती नेमकी या तिघांच्या हद्दीवर. पत्र्याला पाडलेल्या भोकात, इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरकडून मागे नेलेल्या वायरीत, लाकूड लोखंडाला टेकतं त्या ठिकाणी. ही हद्द मालकानेच सांभाळायची असते.

सुरुवात छतापासून करू. नाशिक शहरात पाऊस बेताचाच, पण गाडी घेऊन तुम्ही पावसाळ्यात जाणार त्र्यंबकला, भंडारदऱ्याला, नाहीतर इगतपुरीला, आणि इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात एप्रिल-मे महिन्यांत छत दिवसा तापून फुगलेलं असतं, रात्री आकसलेलं असतं. या ओढाताणीत सांध्यातला जुना सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, तडकतो. वरून बघितलं तर काही दिसत नाही. कळतं ते पहिल्या मोठ्या सरीत, गादी भिजल्यावर.

म्हणून आत्ताच नळीने पाणी मारून बघा. पण छतावर एकदम धो धो ओतू नका. खालून सुरुवात करा. आधी खिडकीची खालची कड, मग बाजूच्या कडा, मग वरची, आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी चांगली पाच-दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत एका माणसाला टॉर्च देऊन बसवा. वरून सुरुवात केली की सगळंच भिजतं आणि गळती कुठली ते कळत नाही. शिवाय थेंब जिथे टपकतो तिथेच भोक असेल असं नाही. पाणी आतल्या आत उताराने सरकतं. मागच्या व्हेंटपाशी, म्हणजे छतातल्या हवेच्या झरोक्यापाशी, शिरतं आणि पुढच्या कपाटात उतरतं. गाडी एकदा नाक खाली करून आणि एकदा नाक वर करून तपासली, की हा लपंडाव बराचसा संपतो.

गळती सापडली की लोक काय करतात? हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणतात आणि जुन्या सीलंटवरच फासतात. कृपा करून हे करू नका. बाथरूमसाठी मिळणारं ते स्वस्त सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते पत्र्याला गंज आणतं. आणि सिलिकॉनवर पुढे ना रंग धरत ना दुसरा सीलंट. मी दुरुस्त्या पाहतो त्यात अर्धं कष्टाचं काम आधीच्याने फासलेलं सिलिकॉन खरवडण्याचंच असतं. व्हेंट असो की खिडकी, फ्रेम पूर्ण बाहेर काढा. कड घासून पत्रा उघडा करा, गंज असेल तर काढून प्रायमर मारा. मग फ्रेमखाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावा. स्क्रू एका बाजूने आवळत जाऊ नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. बाहेरच्या कडेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, सीलंट. दोन दिवस जातात, पण काम टिकतं.

गळती जुनी असेल तर आतलं लाकूडही गेलेलं असतं. सनमायका वरून चकचकीत आणि मागे प्लायचा भुगा, हे फार दिसतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत जा. टणक आवाज बदलून बोदा आला की तिथे उघडाच. त्या जागी साधा कमर्शियल प्लाय बसवू नका, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. आणि कापलेल्या कडांना, पाडलेल्या प्रत्येक भोकाला इपॉक्सी लावा. प्लाय पाणी पितो तो कडेने. मरीन प्लायची उघडी कडसुद्धा कालांतराने फुगते.

आता वीज. बारा व्होल्टने शॉक लागत नाही हे खरं, आग मात्र लागते. हिशेब सोपा आहे. ७५० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला, तर बॅटरीकडून साठ-सत्तर अँपिअर प्रवाह ओढला जातो. घरात त्याच मिक्सरला जेमतेम तीन-साडेतीन लागतात. म्हणून घरगुती जाडीची वायर इथे चालत नाही. जाड, अनेक तारांची वायर हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज लांब ठेवला, तर मधली सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते. गाडी धक्के खाते, पत्र्याच्या कडेवर वायर घासते, आणि मग धूर. जिथे जिथे वायर पत्र्यातून जाते, तिथे रबराची गोल पट्टी आहे का ते हाताने चाचपा.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांना मिळतो, तो गाडीत ठेवाच. गाडी रात्रभर बंद असताना साध्या ॲसिडच्या बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखवले, तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी, याखाली नेत राहिलात तर बॅटरी लवकर मरते. इंजिन सुरू करून पुढच्या बॅटरीवर १४ च्या आसपास येतंय आणि मागच्या, घराच्या बॅटरीवर १३ च्या पुढे जात नाही, असं झालं तर नवी बॅटरी घ्यायला धावू नका. बहुतेकदा दोष असतो दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या मधल्या रिलेत, बारीक वायरीत किंवा चेसिसवर गंजलेल्या अर्थिंगच्या जोडात. आणि ही बॅटरी पलंगाखाली बंद पेटीत ठेवली असेल, तर पेटीला बाहेर उघडणारी हवेची वाट करा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

गॅसची गोष्ट थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर उघडणारं भोक हवं. नळी दर पाच वर्षांनी बदलायची, वर कितीही चांगली दिसो. सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे, काडीने नाही. हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

वजनाचा विचार फारच कमी लोक करतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात ओटा, कपाटं, दोन बॅटऱ्या, सायकली. ओम्नीसारख्या बारा इंची चाकांच्या गाडीला हे झेपत नाही. कांद्याचे ट्रॅक्टर तोलणारे वजनकाटे लासलगाव-पिंपळगावपर्यंत पसरलेत आपल्याकडे. सगळं सामान भरून, टाक्या भरून, माणसं बसवून एकदा काट्यावर चढा. आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची. आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले म्हणून पाटा वाढवून घेणं हा उपाय नाही, त्याने ब्रेक वाढत नाहीत.

ब्रेकवरून घाट आला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-फोर प्रतीचं ऑइल २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १५५ अंशांच्या आसपास. कसारा उतरताना सतत पाय दाबून ठेवला की ते उकळतं, वाफ होते आणि पेडल फरशीला टेकतं. दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि ज्या गिअरमध्ये चढला असता त्यातच उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा नाद सोडा. टायरचंही तसंच. नक्षी शाबूत दिसते, पण उभ्या गाडीचं टायर वयाने जातं. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचं टायर असेल, तर घाटात जायच्या आधी टायरवाल्याला दाखवा.

गाडी उभी राहणार असेल, तर पंधरा दिवसांनी जागेवर इंजिन घुरघुरवून काही साधत नाही. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवून आणा. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवू नका, गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली ठोकळा लावा. खाण्याचं सगळं सामान बाहेर काढा, कारण उंदीर आधी शेंगदाण्यासाठी येतो आणि मग वायरी खातो.

कागदपत्रांचं एवढंच, की खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मूळ रचना परस्पर बदलण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. बदललेली जुनी गाडी विकत घेताना बदलाची नोंद आरसीवर आहे का ते पाहा, नसेल तर पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा.

हे सगळं झाल्यावर पहिला मुक्काम जवळच करा. गंगापूर धरणाकडे एक रात्र पुरे. पाण्याचा पंप किती वेळा आपोआप सुरू झाला, सकाळी बॅटरीवर किती व्होल्ट होते, कुठलं दार खड्ड्यात उघडलं, कुठे ओल लागली, सगळं वहीत लिहा. आणि सोमवारी गॅरेजला जाताना ती वही घेऊन जा. ‘मागून काहीतरी आवाज येतो’ एवढंच सांगितलंत, तर मिस्त्री तुमचा सायलेन्सर बदलून देईल.

नमस्कार.