साडेचारशे किलोमीटरची बैठक

(पहाटेचं पार्किंग. मोबाईलच्या उजेडात हँडलच्या क्लँपवर पांढऱ्या मार्करची रेघ.)

पहाटेचे पाच वाजलेत. मोटरसायकलवर पुण्याहून निपाणी, आजरा, आंबोली करत गोव्यात उतरायचं, म्हणजे साधारण साडेचारशे किलोमीटर. बॅगा बांधून झाल्या, हवा तपासून झाली. हँडल सध्या ज्या कोनात आहे तिथे मी मार्करने एक खूण करून ठेवतोय. वाटेत हँडल फिरवून पाहिलं आणि नाही पटलं, तर परत या रेघेवर आणता येईल.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी होती आणि हाच रस्ता. साताऱ्यापर्यंत डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. कराडला चहाचा ग्लास उजव्या हाताने धरावा लागला. कोल्हापूरला उतरलो तो कंबर धरूनच. लांबच्या प्रवासात एवढं चालायचंच, सवय होईल, असं सगळे म्हणाले आणि मीही ते मान्य केलं. आज मात्र नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की दुखणं सहन करण्याआधी गाडीवरचे चार बोल्ट एकदा सैल करून बघा.

(रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या. वेगवेगळ्या उंचीची माणसं.)

स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटरवर. 2016 साली आलेल्या हिमालयनची 800. ॲव्हेंजरची तर 737. हे आकडे गाडीचे आहेत. त्यावर बसणारी कुणी पाच फुटांची, कुणी सहा फुटांचा. चष्मा घेताना दुकानदार काड्या वाकवून, नाकावर बसवून, पुन्हा काढून नीट करून देतो. लाख-दीड लाखाची गाडी मात्र आपण कंपनीने जशी बसवली तशीच वर्षानुवर्षं चालवतो.

गाडीला आपलं शरीर तीन जागी टेकतं: बूड, हातांचे तळवे आणि पाय. यातली एक जागा हलवली की बाकीच्या दोन्ही बदलतात, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान पन्नास किलोमीटर चालवून बघायचं.

(जवळून: क्लच लिव्हरवर हात.)

सुरुवात लिव्हरपासून करा, कारण याला एक पैसाही लागत नाही. गाडीवर नेहमीसारखे बसा. डोळे मिटा. हात हँडलवर ठेवून बोटं सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत एक सरळ रेघ यायला हवी आणि बोटं आपसूक लिव्हरवर पडायला हवीत. माझी बोटं लिव्हरच्या खाली पडत होती. म्हणजे प्रत्येक क्लचला मनगट वर मोडायचं, आणि शहरातून बाहेर पडेपर्यंत असं किती वेळा होतं ते कात्रज ओलांडणाऱ्याला विचारा.

कोणतं बोट बधिर होतं यावरही बरंच कळतं. करंगळीकडची दोन बोटं गेली, तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार येतोय. तिथून जाणारी नस दबते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट गेलं, तर मनगट वाकलेलं राहतंय. दोन्हीत इंजिनाची थरथर भर घालते, आणि घट्ट मूठ तर फारच. टाकी गुडघ्यांनी धरली की तळव्यावरचा भार लगेच उतरतो. हे वाक्य पटकन निघून गेलं तरी पुन्हा ऐका: धरायची ती टाकी, तीही गुडघ्यांनी.

लिव्हरचा क्लँप सैल करायचा, थोडा खाली फिरवायचा, पुन्हा आवळायचा. पण पिळून आवळायचा नाही. हाताने जोर लावला तर जेमतेम फिरेल इतपतच ठेवा. गाडी पडली तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरून जाईल. पुढचा ब्रेक डिस्कचा असेल तर त्या लिव्हरजवळ ब्रेक ऑइलची डबी असते, ती फार कलंडू देऊ नका.

हँडल उंच करायला रायझर मिळतात. पाठ पुढे ओढली जात असेल तर उपयोग होतो. बसवल्यावर गाडी जागेवर चालू ठेवून हँडल पार डावीकडे आणि पार उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. अशी गाडी घाटात नेऊ नका.

(सीट बनवणाऱ्याचं दुकान. फोमचा भुसा, रेक्झिनचे तुकडे.)

आता सीट. इथे मी पैसेही घालवले आणि पाठही. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत म्हणून एका दुकानात सीटचा फोम दीड इंच कापून घेतला. पाय टेकले, पण गुडघे जास्त दुमडले गेले आणि फोम इतका पातळ उरला की तासाभरात खालचा पत्रा जाणवू लागला.

पुढे दुसऱ्या एका जुन्या कारागिराने रेक्झिन सोलून मला दाखवलं. सीटचं पुढचं टोक रुंद असलं की मांड्या फाकतात, आणि फाकलेला पाय जमिनीपर्यंत कमी पोचतो. त्याने उंचीला हातच लावला नाही. टाकीजवळच्या दोन्ही कडा घासून निमुळत्या केल्या. खाली कडक फोमचा थर चिकटवला, वर मऊ पातळ थर. मला बसवलं, उठवलं, तळहात फिरवून खोलगट जागा शोधली, पुन्हा घासलं. असं पाच वेळा. आपण बसतो ते ढुंगणाच्या दोन हाडांवर, आणि भार पेलायला त्या हाडांखाली कडकपणा लागतो. शोरूममध्ये गुबगुबीत वाटणारी सीट शंभर किलोमीटरवर चेपते ती यामुळेच. शेवटी रेक्झिनखाली त्याने प्लॅस्टिकचा कागद घातला. शिलाईतून पाणी झिरपतं, आणि कोकणच्या पावसात एकदा भिजलेला फोम वाळायला दोन-दोन दिवस लागतात.

पाय पुढे सोडून बसायच्या गाड्या रुबाबदार दिसतात. पण खड्डा आला की पायावर भार घेऊन बूड उचलता येत नाही. दणका थेट माकडहाडातून पाठीत जातो. आपल्या रस्त्यांवर मला तरी फुटरेस्ट बुडाच्या जवळपास खालीच हवेत. मागे माणूस किंवा सामान असेल तर शॉकअपची स्प्रिंग एखाद-दोन खाचा कडक करा, नाहीतर गाडी मागे बसते आणि हँडल हातापासून लांब जातं.

(कराड. टपरीवर चहा.)

चहाचा ग्लास डाव्या हातात आहे. पाचही बोटांना चटका जाणवतोय.

(आजऱ्याच्या पुढे. धुकं. रस्त्याच्या कडेला उभी गाडी.)

उजवी नडगी मात्र भरून आलीय. मागचा ब्रेक उंच आहे. त्यावर पाय चुकून पडू नये म्हणून मी दोनशे किलोमीटर पंजा वर उचलून धरलाय. टूलकिट उघडतो. नट सैल करून पेडल थोडं खाली घेतो, मोकळी चाल आहे ना ते हाताने दाबून बघतो, चाक फिरवून ब्रेक घासत नाही याची खात्री करतो. मित्र मागे जाऊन उभा राहतो. पेडल खाली घेतल्यावर कधी ब्रेकचा दिवा लागतच नाही, कधी विझतच नाही. मी दाबतो.

‘लागला,’ तो धुक्यातून म्हणतो. ‘सोड. हां, विझला.’

हातमोजे चढवतो. आंबोली अजून पुढे आहे.