लास्ट किती?

श्रोतेहो, नमस्कार.

2025 च्या उन्हाळी सुट्टीत मी माझी मोटारसायकल विकायला काढली. हिरो होंडा स्प्लेंडर, काळी, टाकीवर जांभळे पट्टे, 2010 च्या दसऱ्याला हार घालून घरी आणलेली. मी सांगलीत हायस्कूलला गणित शिकवतो. सुट्टी लागताना वाटलं होतं, आठ दिवसांत गाडी जाईल. शाळा उघडली तरी ती दारातच होती, आणि मी आठवीच्या वर्गात फळ्यावर खरेदी किंमत, विक्री किंमत लिहीत होतो.

शोरूममध्ये नव्या गाडीच्या बदल्यात जुनीचे बारा हजार देत होते. सही करायची, चावी ठेवायची, मोकळं व्हायचं. पण शेजारी म्हणाले, बाहेर बावीसला हसत जाईल. शेजाऱ्यांना स्वतःला काही विकायचं नसतं, म्हणून त्यांचे भाव कायम चढे असतात. मी त्यांचं ऐकलं.

मोबाइलवर जाहिरात टाकली. चार फोटो, ‘फर्स्ट ओनर, सिंगल हँड, बावीस हजार’. पंधरा मिनिटांत पहिला मेसेज आला. ‘लास्ट किती?’

नमस्कार नाही, गाडी कशी आहे नाही, कुठे आहे नाही. सुरुवातीला मी शिक्षकाला शोभेल असं उत्तर लिहायचो. टायर कधी बदलले, ऑइल कधी बदललं, ॲव्हरेज किती देते. समोरून पुन्हा एकच शब्द, ‘लास्ट?’ एकदा कंटाळून वीस लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘दहाला देताय का, आत्ता येतो.’ मी गप्प बसलो, तर रात्री साडेअकराला आणखी एक, ‘सर, झोपला काय?’ माझा आपला अंदाज असा की यातल्या निम्म्यांना गाडी नकोच असते. झोप येत नाही म्हणून कुणी मेंढ्या मोजतात, हे लोक भाव विचारतात.

आता प्रत्यक्ष येणाऱ्यांची गोष्ट. खरं गिऱ्हाईक कधी एकटं येत नाही. बरोबर मेव्हणा असतो, नाहीतर मेस्त्री. एकदा असाच एक मेस्त्री आला. गाडीला न बोलता एक प्रदक्षिणा घातली. मग उकिडवा बसला, चेनला बोट लावून वर उचलली. “चेन सॉकेट गेलंय.” उठला, पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं. “कोनसेट वाजतोय.” गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला आणि त्या हाताचा वास घेतला. मी श्वास रोखून उभा. त्याने विचारलं, “इंजिन खोललंय काय?”

मी अभिमानाने म्हटलं, “पंधरा वर्षांत एकदाही नाही.”

“मग आता खोलावं लागंल.”

दुसऱ्या एकाला मी सावधपणे सांगून पाहिलं, की समजा खोललेलं असलं तर? तो म्हणाला, “एकदा खोललं की मग त्यात काय राह्यलं वो सर?” अशा माणसांपुढे प्रमेय मांडून उपयोग नसतो.

टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ लिहिलेलं आहे याचं मात्र सगळ्यांना कौतुक. हिरो आणि होंडा वेगळे होणार हे जाहीर झालं 2010 च्या डिसेंबरात, म्हणजे माझी गाडी त्या काडीमोडाच्या दोन महिने आधीची. “जुनं लोखंड हाय,” म्हणत ते टाकीवर टिचकी मारायचे. आणि टिचकी मारून भाव पुन्हा बाराच सांगायचे.

त्यात पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. माझी ऑक्टोबरला संपत होती. पुढची पाच वर्षं हवी असतील तर गाडी पुन्हा तपासणीला न्यायची, फी भरायची, पर्यावरण कर भरायचा. हे सगळं गिऱ्हाइकाच्या बोटांवर तयार असतं आणि प्रत्येक बोटामागे हजार रुपये कमी होतात. नव्या नंबरप्लेटचं तसंच. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती एचएसआरपी पाटी सक्तीची झाली. दुचाकीचे करासकट पाचशे एकतीस रुपये. मी पाटी बसवून घेतली होती. त्याचे भावात किती वाढले? एक रुपया नाही. नसती, तर मात्र हजार कमी झाले असते.

एकाने अजिबात घासाघीस केली नाही. फोनवर म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, बावीस मंजूर, गाडी न्यायला माणूस पाठवतो. बोलायला इतका अदबशीर, की महिनाभरात कुणी माझ्याशी इतक्या आदराने बोललं नव्हतं. सैनिकी गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं. मग एक क्यूआर कोड पाठवला. हा स्कॅन करा, पिन टाका, बावीस हजार तुमच्या खात्यात. मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने विचारलं, “पैसे येणार आहेत ना? मग पिन कशाला?”

एवढंच. पिन लागतो तो पैसे पाठवायला, घ्यायला कधीच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडी हिशेबात बावीस हजार खात्यात जमासुद्धा झाले होते. मी फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याच माणसाने मला अशा शिव्या घातल्या, की त्याची बदली नेमकी कुठून कुठे झाली होती याचा थोडा अंदाज आला.

चक्कर मारून बघणं हा आणखी एक प्रकार. नाही म्हणता येत नाही, चप्पलसुद्धा आपण घालून बघूनच घेतो. पण जुनी गाडी विकणाऱ्याच्या दारातून चक्कर मारायला गेलेली गाडी परत आलीच नाही, अशा बातम्या पेपरात आपण वाचतो. म्हणून मी नियम केला होता, तारण काहीतरी ठेवायचं. एका संध्याकाळी दोन पोरं आली. एक म्हणाला, “हा माझा दोस्त थांबतो हितं, मी चौकातनं वळून येतो.” दोस्त थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी दोस्ताला विचारलं, बाळ, याचं आडनाव काय? तो खजील होऊन म्हणाला, “माहीत नाही सर. मी पानपट्टीवर उभा होतो. चल म्हणाला, आलो.”

ती वीस मिनिटं मी फाटकात उभा राहून काढली. लांबून येणारा प्रत्येक आवाज स्प्लेंडरचाच वाटायचा, कारण आमच्याकडे येणारा दर तिसरा आवाज स्प्लेंडरचाच असतो. चाळीस मिनिटांनी पोरगा आला. मिरजेला जाऊन मामाला दाखवून आला होता. मामाला रंग आवडला नाही. जाताना एवढं मात्र सांगून गेला, “पेट्रोल टाका सर, रिझर्व्हला लागलीय.”

इथवरचा वैताग मी चवीने सांगतोय, कारण तो संपला की हसू येतं. ज्याने खरी झोप उडवली तो निराळा आहे.

सगळ्यांत चांगला भाव दिला तो अथणीच्या एका माणसाने. वीस हजार, रोख. नोटा काढून मोजल्यासुद्धा. म्हणाला, कागद राहू द्या, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ, नोटरी करू, मी बघतो पुढचं. आता अथणी आमच्यापासून फार लांब नाही, पण ते कर्नाटक. तिथे गाडी नावावर करायची तर आधी आमच्या आरटीओची एनओसी हवी. तो म्हणाला, “एनओसी कशाला? आमच्याकडं असंच चालतंय.” मोजलेल्या नोटा टेबलावर, आणि माझा हात खरंच पुढे गेला होता.

थांबलो ते एका जुन्या स्कूटरमुळे. 2014 साली मी एका ओळखीच्या माणसाला स्कूटर विकली होती. अशीच, स्टॅम्पवर. ती त्याने पुढे विकली असावी, तिथून आणखी पुढे. आणि एक दिवस मला मोबाइलवर ई-चलन आलं. हेल्मेट नाही, पाचशे रुपये दंड. सोबत कॅमेऱ्याने काढलेला फोटो. माझी स्कूटर, चालवणाऱ्याची पाठ, मागे एक बाई, तिच्या खांद्यावर झोपलेलं मूल. यांतलं कुणीच माझ्या ओळखीचं नाही आणि कागदोपत्री सगळे माझे. पाचशे रुपये गेले त्याचं दुःख नव्हतं. मी त्या मुलाकडे बघत बसलो. ती गाडी कुठे धडकली असती तर?

तर काय झालं असतं, ते मला एका वकील पालकांनी सांगितलं. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. पहिल्या मालकाने गाडी केव्हाच विकलेली, ती पुढे हातोहात गेलेली, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर. 2009 मध्ये अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या त्या पहिल्या माणसावर टाकली. विकलीय, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नाव निघालं नव्हतं, एवढंच. म्हणून तर कायदा विकणाऱ्यालाही सांगतो, राज्यातल्या राज्यात गाडी दिलीत तर चौदा दिवसांत आरटीओला कळवा. मला वाटायचं, ते घेणाऱ्याचं काम.

अथणीकरांना चहा पाजून परत पाठवलं. त्यांनी जाता जाता मला भित्रा म्हटलं, ते खरं आहे.

शेवटी गाडी घेतली ती तासगावकडच्या एका गवंड्याने. बरोबर मेस्त्री नव्हता, बायको होती. तिने गाडीऐवजी आमच्या घराकडे, अंगणाकडे नीट बघून घेतलं, आणि मग नवऱ्याला म्हणाली, “घ्या.” सतरा हजार ठरले. पाचशे इसार दिला. बाकीचे गाडी नावावर झाल्याशिवाय मी मागणार नाही, असं मीच कबूल केलं. मित्र म्हणाले, उलटा व्यवहार करतोयस.

मग टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज. एकोणतीस आणि तीस नंबर. एजंटाने चेसिस नंबरची छाप मागितली. हँडलखालचा नंबर कापडाने पुसायचा, पेन्सिलचं शिसं घासायचं, वर चिकटपट्टी दाबून हळूच सोलायची. पंधरा वर्षं मी रोज त्या गाडीवर बसलो, तो नंबर पहिल्यांदा पाहिला. आरसीवर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव अजून होतं, हेही तेव्हाच पाहिलं. कर्ज फिटून बारा वर्षं झाली होती. फिटलं की नाव आपोआप निघतं, असा माझा भाबडा समज. त्यासाठी निराळा पस्तीस नंबरचा फॉर्म, कंपनीचं पत्र. त्यात तीन आठवडे गेले. ओटीपी जायचा माझ्या जुन्या मोबाइल नंबरवर, तो बदलण्यात आणखी एक आठवडा. गवंडी दर रविवारी फोन करायचा आणि कधीच चिडायचा नाही. त्यानेच मला जास्त अपराधी वाटायचं.

सहीचं तर विचारूच नका. एजंट म्हणाला, सही 2010 सारखी पाहिजे. तेव्हाची माझी सही सावकाश, पूर्ण आडनावाची, शेवटी दोन टिंबं. आता हजेरीपटावर सह्या करून करून तिचा नुसता एक फराटा झालाय. दुपारभर वहीत मी माझीच सही गिरवत बसलो. बायकोने वही उलटून पाहिली आणि म्हणाली, “ही तुमची नाही वाटत.”

जुलैच्या अखेरीस काम झालं असं एजंटाने कळवलं. माझा विश्वास बसेना. रात्री एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला. तिथे मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, बहुतेक अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. पहिलं अक्षर तेवढं उघडं होतं. ते माझं नव्हतं.

नमस्कार.