टिपाडातला पावसाळा

मंडळी, मागच्यांनी पुढं सरका. तो कूलर मात्र चालू राहू द्या, आज त्याच्याशीही काम आहे.

डास म्हटलं की आपल्याला पावसाळा आठवतो. मग 2016 चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आभाळातून थेंब नाही, पण घराघरांत टिपाडं, रांजण, हंडे जमतील तसे भरून ठेवलेले. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच पाणी लागतं, साठवलेलं आणि निवळ. गटारीकडं तो फारसा वळतही नाही. म्हणून दुष्काळ पडला की डास जातील, हा हिशोब आपल्याकडं चुकतो.

आपल्या उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नळ चौथ्या दिवशी येत असेल तर तोवर भांडं रिकामं होतं, आळ्या मोरीत जातात. पण पाणी दहाव्या-बाराव्या दिवशी येत असेल तर? टिपाड उपडं करायची हिंमत कोण करील? भोंग्यावरून ‘कोरडा दिवस पाळा’, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, म्हणणाऱ्यानं आधी त्या गल्लीत नळ कधी येतो ते विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागं एका वस्तीवर टिपाडात बॅटरी मारली. पृष्ठभागाला उलट्या लोंबणाऱ्या आळ्या उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या. मी टिपाडाला हात घातला तशी आजी म्हणाली, “बाबा, सांडू नको रे, टँकर मंगळवारी येतंय.” मग पाणी सुती लुगड्यातून गाळून हंड्यांत काढलं, टिपाड आतून काथ्यानं घासलं आणि तेच पाणी परत ओतलं. घासायचं कारण असं, की अंडी पाण्यात नसतात. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, कडेला काजळीच्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. नुसतं विसळून काही होत नाही.

आता उष्णतेचं. डासानं रोग्याचं रक्त प्यायलं म्हणून लगेच तो डेंगी देत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचावा लागतो. त्याला 25 अंशांना साधारण दोन आठवडे लागतात, 30 अंशांना आठवडाभर. डासाचं आयुष्यच दोन-चार आठवड्यांचं, त्यामुळं हा वाचलेला आठवडा फार महागात पडतो. चाळिशीपार ऊन गेलं की डास टिकत नाही, हेही खरं. पण तो उन्हात बसतो कशाला? खुंटीवरच्या कपड्यांमागं, बाजेखाली, कूलरच्या गारव्यात बसतो.

हां, आता बंद करा तो कूलर. मागची जाळी काढा. टाकी शेवटची कधी घासली होती? कोणाच्या मोबाइलला टॉर्च आहे?