जावावरून उतरताना

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे आपला जावा-येझदी दिवस, या जुन्या मोटरसायकलींच्या वेड्यांचा सण. आणि नेमक्या याच दिवशी तुम्ही मला नव्या जमान्याच्या स्पोर्ट बाइकवर बोलायला बोलावलंत. वटपौर्णिमेला घटस्फोटावर भाषण ठेवण्यासारखंच झालं हे. मागच्या रांगेत काही चेहरे आत्ताच आंबट झालेले दिसतायत, म्हणून आधीच सांगतो, जावा विकलेली नाही. आज मी तिच्यावरच आलोय.

माझी जावा १९६८ची, म्हैसूरच्या कारखान्यातली, बाबांनी घेतलेली. २४९ सीसी, सुमारे १२ हॉर्सपॉवर. किक आणि गिअर एकाच दांडीवर आणि तीही डाव्या बाजूला. गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचच्या लिव्हरला हातही न लावता आख्खं पुणे पालथं घालणारी माणसं मी पाहिली आहेत. तीस वर्षं मी हीच गाडी चालवली. ठिणगीचे पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडला, सायलेन्सरमधले बफल कॉस्टिक सोड्यात भिजवून काजळी काढली. एवढं सगळं केलेल्या माणसाला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायला लागतं. मलाही वाटत होतं.

मग मी केटीएमची वापरलेली आरसी ३९० घेतली. २०१७चं मॉडेल, ३७३ सीसी, ४३ हॉर्सपॉवर, चाकणला बनलेली. माझं वय तेव्हा ५२. भाचा म्हणाला, "मामा, गाडी ठीक आहे, पण कंबरेचं काय?" कंबरेला काही झालं नाही. पहिल्या महिन्यात मोडला तो अहंकार. जावानं मला यंत्र शिकवलं होतं, पण गाडी चालवताना केलेल्या चुका ती मुकाट्यानं पोटात घालत होती. पन्नासच्या वेगात सगळ्याच चुका पोटात मावतात.

एक उदाहरण देतो. जावासारख्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं. घाट उतरताना थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, बंद ठेवला की पेट्रोल जवळजवळ थांबतं, त्याबरोबर ऑइलही थांबतं आणि इंजिन मात्र फिरतच असतं. पिस्टन कोरडा पडून जाम होण्याची भीती. म्हणून बाबांनी शिकवलं होतं, "उतारावर अधूनमधून थोडी रेस देत जा." ही सवय हाताच्या हाडात मुरलेली. ताम्हिणीतून कोकणात उतरताना नव्या गाडीवर तिसऱ्या गिअरमध्ये, वळणाच्या तोंडाशी, माझ्या मनगटानं बाबांची आज्ञा पाळली. गाडीनं उडी घेतली आणि वळण एकदम अंगावर आलं. मग दुसरी जुनी सवय जागी झाली आणि मी पायाचा ब्रेक दाबला. पायाखाली काहीतरी टकटक टकटक व्हायला लागलं. वाटलं, काहीतरी तुटलं. ते एबीएस होतं, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. ते माझा जीव वाचवत होतं, आणि मी घाबरून त्याच्यावरचा पाय काढत होतो.

आरसीसारख्या फोर-स्ट्रोकचं पोट वेगळं. तिचं ऑइल पंपानं फिरतं, त्यामुळे उतारावर थ्रॉटल बंद ठेवायला काहीच हरकत नाही. उलट खालच्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. शिवाय स्लिपर क्लच असतो, त्यामुळे गिअर घाईनं खाली टाकला तरी मागचं चाक सहसा टणटण उडत नाही. हे सगळं मला वाचून माहीत होतं. मनगटाला कुठे माहीत होतं?

ब्रेकवर जरा थांबतो, कारण आपल्यापैकी निम्मे लोक इथेच पडणार आहेत. जावाचा पुढचा ड्रम ब्रेक म्हणजे सरकारी कचेरीत केलेला अर्ज. दाबायचा आणि वाट बघायची. म्हणून आपण सगळे मागच्या ब्रेकवर वाढलो. आरसीला पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क आहे, दोन बोटं पुरतात. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्याला चिकटतो आणि मागचा हलका होतो. म्हणजे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. पण लिव्हर एकदम आवळायचा नाही. लिंबू पिळतो तसा, वाढत्या जोरानं. रविवारी पहाटे मोकळ्या मैदानावर ताशी ४० वरून थांबायचा सराव मी चार आठवडे केला. कोरड्यावर केला, मग मुद्दाम ओल्यावर केला. एबीएसची टकटक तिथेच ओळखीची झाली. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीचं मॉडेल घेणाऱ्यानं ते आहे का, एवढंच पाहून थांबू नये, चालू आहे का तेही पाहावं. त्याकडे येतोच.

बसण्याबद्दल थोडक्यात सांगतो. जावावर आपण खुर्चीत बसल्यासारखे बसतो. इथे हँडल खाली, पाय मागे. पहिले पंधरा दिवस माझ्या करंगळ्या बधिर व्हायच्या, कारण सगळा भार मी मनगटांवर टाकत होतो. हँडलला लोंबकळणारा माणूस स्वतःच्या नकळत गाडी वळवत असतो. टाकी गुडघ्यांनी धरायची, धड पोटाच्या स्नायूंवर तोलायचं, कोपर सैल. कोपर सैल झाले की मग एक गंमत कळते. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल किंचित पुढे ढकलायचं. हे जावावरही आपण करतच होतो, फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

आता खरेदी. यावरच सगळ्यात जास्त चिठ्ठ्या आल्या आहेत.

जुनी गाडी स्वतःचा आजार स्वतः सांगते. धूर काढते, खडखडते, उभ्या जागी तेलाचा डाग टाकते. मिस्त्री दुरूनच ओळखतो. नवी गाडी प्लास्टिकचे कपडे घालून उभी असते आणि तिचा आवाज सगळं ठीक असल्यासारखाच येतो. मी तीन गाड्या पाहिल्या. पहिली इतकी चकचकीत होती की नवरी लाजावी. पण हँडल पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडतं, त्या फ्रेमच्या मानेवरच्या ठोकळ्याला खोल खोक पडलेली. म्हणजे हँडल कधीतरी तिथे जोरात आपटलेलं. मालक म्हणाला, "उभी असताना पडली." उभी असताना पडलेल्या गाडीच्या लिव्हरचं टोक घासतं, आरसा फुटतो, मानेला एवढी खोक सहसा पडत नाही.

दुसरीचा एबीएसचा दिवाच लागला नाही. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. पेटूनच राहिला तर बिघाड. मुळातच लागला नाही तर जास्त वाईट, कारण बिघाड लपवायला कोणीतरी दिव्याचीच सोय लावलेली असू शकते. इंजिनच्या दिव्याचंही तेच, फक्त तो इंजिन सुरू झाल्यावर विझतो.

तिसरी घेतली. जायच्या आधी फोन करून सांगितलं होतं, गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनला हात लावला. गार होतं. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी झाकतं. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचं कडं नव्हतं, चेन ज्यावर बसते त्या मागच्या स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले नव्हते, फेअरिंगचे, म्हणजे त्या प्लास्टिकच्या कपड्यांचे, स्क्रू सगळे एकाच जातीचे होते. टायरवर मात्र ०९१७ असे चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २०१७च्या नवव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण नखानं दाबलं तर रबर लाकडासारखं. मालकाला वाटत होतं टायर नवेच आहेत. दोन्ही टायरचे पैसे किमतीतून वजा केले आणि घरी येण्याआधी ते बदलले.

कागदांच्या वेळी फार करमणूक झाली. आरटीओ एजंट आवाज देत होता, "आरसीची आरसी कुठंय?" आरसी बुकातला चासी नंबर फ्रेमच्या मानेवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा, एजंटवर सोडू नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात. आधीच्या मालकाची सिग्नलवरची मर्दुमकी आपण का फेडायची?

एकानं चिठ्ठीत विचारलंय, नव्या गाडीत काय कमी वाटतं. बुधवार आणि रविवारचा जुना बाजार. एक वायसर शोधायला जायचं आणि तीन तासांनी भलतंच काहीतरी घेऊन यायचं. नाना पेठेत दुकानदाराशी पॉइंटच्या सेटवरून घातलेली हुज्जत. आता गाडी वर्कशॉपमध्ये देतो, तिला लॅपटॉप जोडतात आणि मी काचेच्या अलीकडे चहा पीत बसतो. माझ्या हाती उरलंय ते चेनला ऑइल देणं, कूलंटची पातळी बघणं आणि रेडिएटरवरचा चिखल पाण्याचा जोराचा फवारा न मारता धुणं. फवाऱ्यानं त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

शेवटची चिठ्ठी: लांब जायचं असेल तर कोणती काढता? कोकणात जायचं तर आरसी. पण आज सकाळी पाऊस होता, जावा तिसऱ्या किकला सुरू झाली, कात्रजच्या अलीकडे प्लग भिजून बंद पडली, आणि टपरीच्या आडोशाला प्लग पुसून दहा मिनिटांत मी परत निघालो. जॅकेटच्या खिशात प्लगपाना असतोच. आरसीवर जातानाही असतो. तिचा प्लग कुठे आहे, हे मी अजून पाहिलेलं नाही.