मृगाच्या आधीचा स्लॅब

मे महिना सरत आला. मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, म्हणून गावोगावी लिफ्टचे मिक्सर फिरताहेत. हे ६०० चौरस फुटांचं घर. ५ इंच जाडीच्या स्लॅबला ओला माल लागतो साधारण १८ टन. तो घट्ट होईपर्यंत सगळा भार या टेकूंवर.

म्हणूनच मिस्त्री आधी खाली वाकून बघतात. जोत्यातला भराव अजून पुरता बसलेला नाही. नुसत्या मातीवरचा टेकू माल पडताच खचेल, त्याच्या बुडाशी जाड फळी हवीच. वर साच्याच्या प्लेटांच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्यात. त्यातून सिमेंटचं पाणी गळलं, तर खाली नुसती खडी उघडी पडते.

आता गॅलरी नीट पाहा. खोलीच्या मध्यावर ताण स्लॅबच्या खालच्या अंगाला येतो, तिथे सळई खाली. गॅलरी भिंतीबाहेर अधांतरी, तिथे ताण वरच्या अंगाला, म्हणून मुख्य सळई वर. घमेलेवाल्यांच्या पायांखाली ती दबली, तर गॅलरी टेकू काढताना तुटू शकते. सळईला आधार द्या, चालायला फळ्या टाका. मालकानं स्लॅबच्या दिवशी उभं राहायचं ते इथे.

नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला. दुपारी उन्हानं माल आवळायला लागतो, आणि हात पाण्याच्या बादलीकडे जातो. तो तिथेच थांबवा! एम-२० म्हणजे घराच्या स्लॅबच्या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे पाणी फार तर २७ लीटर, वाळूतली ओल त्यातच धरून. जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. पावसाळ्यात ओल शिरते ती त्यांतूनच, सळई गंजते तीही त्यांमुळेच. माल दाबून बसवायला व्हायब्रेटर आहे, पाणी नव्हे.

दुसऱ्या दिवशी मात्र पाण्याची कंजुषी नको. कांद्याच्या रानासारखे वाफे पाडून पाणी तुंबवायचं. कोरड्या उन्हाळ्यात किमान १० दिवस, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १४ दिवस.

साध्या सिमेंटच्या स्लॅबला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू निदान ७ दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. पीपीसी ताकद सावकाश धरतं, तिथे आणखी थांबावं. गॅलरीचे टेकू सर्वांत शेवटी, आणि बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे येत, एकेक करून काढायचे.