एक साचा, तीन जाती

हे दार नीट बघा. पाणबुडीला एवढं मोठं दार?

ही ब्रिटिश आरमाराची एम-२. दार उघडलं, आणि आत पंख मिटून बसलेलं विमान. पार्नल पेटो. दोन माणसांपुरतं. मिटलेल्या पंखांसकट रुंदी जेमतेम अडीच मीटर. ते बाहेर काढायचं, पंख उघडायचे, आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर पुढे भिरकावून द्यायचं. हे बघा... सुटलं! टेहळणी करून आलं की पाण्यावर उतरायचं. मग ही क्रेन त्याला उचलून पुन्हा घरात ठेवणार.

आता दाराच्या जागी तोफ आहे, असं समजा. ती एम-१. पहिल्या महायुद्धात बांधलेली. मनोऱ्याच्या पुढे चक्क १२ इंची तोफ, युद्धनौकेवर शोभावी अशी. पाण्याखाली राहून नळीचं तोंड तेवढं वर काढायचं, गोळा डागायचा, की बुडी. फक्त दुसरा गोळा भरायला अख्खी पाणबुडी वर आणावी लागे! एम-२वरही आधी हीच तोफ होती. तिसरी बहीण एम-३. तिची तोफ उतरवून सुमारे १०० पाणसुरुंग भरले.

साचा एकच. कामं तीन. मग यांना एका जातीत घालायचं कसं?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुत्सद्द्यांनी हातात तराजू घेतला. आरमारांना मर्यादा घालणारा १९३०चा लंडन करार: पाणबुडी २,००० टनांपर्यंत, तोफ ५.१ इंचांपर्यंत. प्रत्येक देशाला तीन मोठ्या पाणबुड्यांची सवलत. फ्रान्सची ही सुरकूफ, ८ इंची जोडतोफांची, तिच्यासाठी तर वेगळा अपवाद. जपानकडेही तराजूच. हजार टनांवरची 'इ', त्याखालची 'रो', सगळ्यात लहान 'हा'. म्हणजे आपलं क, ख, ग.

तराजूत या तिघी बहिणी शेजारी-शेजारीच बसतात. तोफ, विमान, सुरुंग, काट्याला सगळं सारखंच. आम्हाला विचाराल तर जात कामावरून लावावी. दार बघून.

एम-१ १९२५ साली एका स्वीडिश जहाजाला धडकून बुडाली, ६९ जणांसह. एम-२ गेली २६ जानेवारी १९३२ला, ६० जणांसह. एम-३ त्याच वर्षी भंगारात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या लाइम उपसागराचा तळ. तिथे एम-२. पाणबुडे खाली पोचले, तेव्हा विमानघराचं दार उघडं होतं.