ठण, ठणठण, ठणठणीत

(दृश्य: चैत्रातला आठवडी बाजार. पेंढ्यावर मांडलेले माठ.)

माठ घेताना डोळ्यांना काम थोडंच. बूड नीट टेकतंय ना, काठ सरळ आहे ना, एवढं बघायचं. पुढचं सगळं कानावर. या मावशींकडे बघा. माठ डाव्या तळहातावर तोललाय, उजव्या हाताचं बोट दुमडलंय आणि पेराचं हाड माठाच्या पोटावर आपटलंय. ठण. हा बाजूला ठेवला. दुसरा उचलला. बद्द. विकणाऱ्या बाईच म्हणतात, "तो ऱ्हाऊ द्या मावशी, चीर हाय त्याला." बघायला गेलं तर चीर कुठंच दिसत नाही.

भाजलेली माती अखंड असेल तर टिचकीचा कंप माठाच्या अंगभर फिरतो, क्षणभर टिकतो. तडा गेला असेल तर तो वाटेतच विरतो. म्हणून आपल्याकडे वस्तू 'वाजवून' घेतात. चांदीचा रुपया चलनात होता तेव्हा तोही दगडावर आपटून घेत. खरा असेल तो खणखणायचा, खोटा बद्द वाजायचा. तो रुपया कधीच गेला. आवाज मात्र अजून खणखणीत असतो आणि एखाद्या नव्या नटाला आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो.

पण मला सांगायचंय ते या 'ठण'बद्दल. तब्येत कशी आहे? ठणठणीत. खिशात काय आहे? ठणठणगोपाळ. एका ठिकाणी सगळं भरपूर, दुसऱ्या ठिकाणी खडखडाट, आणि आवाज तोच! कोडं वाटतं, पण उत्तर या माठातच आहे. माठ वाजतो तो धड आहे म्हणून, आणि रिकामा आहे म्हणूनही. भाषेनं दोन्ही अर्थ उचलले. शिवाय रात्री दाढ ठणकते, सकाळी आपण कुणाला तरी ठणकावून सांगतो, आणि तो ऐकत नसेल तर ठणाणा करतो. घाव एक, पण त्याचा कंप असा कुठं कुठं पोचलाय.

(दृश्य: काळं आभाळ. वीज.)

आता जरा वीज बघू. ती एकदाच कोसळली तर 'कडकन'. लागोपाठ वाजत राहिली तर 'कडकड'. सगळं आभाळ त्या आवाजानं भरून गेलं तर 'कडकडाट'. आणि मग येतो 'कडकडीत'. इथं गंमत होते, कारण कडकडीत काही ऐकूच येत नाही. ऊन कडकडीत असतं, आंघोळीचं पाणी कडकडीत असतं, एकादशीचा उपास कडकडीत असतो. गावात कडकडीत बंद असतो तेव्हा तर टाचणी पडली तरी कळेल इतकी शांतता. आवाज गेला, त्याचा जोर तेवढा शिल्लक राहिला.

हा शेवटचा 'ईत' फार कामाचा आहे. झणझण हा मुळात पैंजणांचा आवाज, तो रश्शात उतरला. दणदण घावाचा, तो निवडणुकीच्या विजयाला लागला. सणसण कानाजवळून गेलेल्या दगडाची, ती उत्तराला चिकटली. आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या निशाणाचा भाताशी काय संबंध? पण शीत न् शीत सुटं झालं की आपण म्हणतोच, भात कसा फडफडीत झालाय. शाळेच्या व्याकरणात हे सगळे 'अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द' म्हणून दोन गुणांपुरते भेटतात: खाली अधोरेखित करा, प्रकार ओळखा. तिथं त्यांचा जीव अगदीच गुदमरतो.

(दृश्य: विजापूर. गोल घुमटाच्या आतली गोलाकार गॅलरी.)

आता परतून येणाऱ्या आवाजाकडे. हा विजापूरचा गोल घुमट, १६५६ साली वारलेल्या मोहम्मद आदिलशहाची कबर. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर. आत, वरच्या गॅलरीत भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला कान लावलेल्या माणसाला ते ऐकू येतं. आवाज वक्र भिंतीच्या कडेकडेनं घरंगळत जातो. टाळी वाजवली तर ती अनेकदा परत येते. किती वेळा, ते सुटीच्या दिवशी मोजू नये. शाळेच्या सहली आलेल्या असतात आणि प्रत्येक पोराला आपलं नाव घुमवून बघायचं असतं.

'घुमट' हा फारसी 'गुंबद'चा मराठी अवतार. त्यात आपलं 'घुमणं' इतकं चपखल बसलं की शब्द घरचाच वाटावा. गोव्यात तर घुमट हे वाद्यच आहे. दोन तोंडांचं, पोट फुगलेलं मातीचं मडकं. एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता ती संरक्षित असल्यानं बकरीचं लावतात. वाजवणाऱ्याचा एक हात कातड्यावर, दुसरा उघड्या तोंडावर. ते तोंड झाकायचं, उघडायचं, की मडकं आतून बोलायला लागतं. चतुर्थीच्या आरत्यांना हा नाद लागतो आणि मांडो या कोंकणी गाण्यांनाही लागतो.

आता शब्द बघा. संस्कृतात परत आलेल्या आवाजाला 'प्रतिध्वनी' म्हणत, तसंच 'प्रतिशब्द'ही म्हणत. प्राकृतात 'शब्द'चा 'सद्द' झाला आणि 'प्रतिशब्द'चा 'पडिसद्द'. तोच मराठीत आला 'पडसाद' होऊन. 'प्रति'चा 'पड' होण्याची रीत जुनीच: प्रतिच्छायेची पडछाया झाली, प्रतिजिव्हेची पडजीभ. मूळ 'प्रतिशब्द' पुस्तकांतून मराठीत वेगळा आला आणि त्याला दुसरंच काम मिळालं. आज कुणी विचारतं, 'कॉम्प्युटरला मराठी प्रतिशब्द काय?' तेव्हा आपण पडसादाचाच सख्खा भाऊ वापरत असतो, हे ध्यानातही येत नाही. आणि 'प्रतिसाद'? त्याचं डोकं संस्कृत, धड मराठी. साद मराठमोळी, तिला प्रति जोडलेला. भाषेला असलं चालतं. शुद्धतेचा आग्रह धरणारेही कार्यक्रम संपला की 'उदंड प्रतिसादा'बद्दल आभार मानतातच.

पडसाद डोंगरात राहिला नाही, तो वर्तमानपत्रात गेला. घटनेचे पडसाद विधानसभेत उमटतात. क्रियापद मात्र बघण्यासारखं आहे: उमटतात. ओल्या वाळूत पाऊल उमटावं तसे. डोंगरासाठी आपण शाळेतला 'प्रतिध्वनी' ठेवला, किनाऱ्यासाठी 'गाज', डग्ग्यासाठी 'घुमारा', आणि दिंडी शिरली की गाव 'दुमदुमतं'. गाजेला मी यात वरचा नंबर देईन. कोकणात रात्री दिवे मालवल्यावर समुद्र दिसत नसतो, लाटही वेगळी ऐकू येत नाही, सगळ्या लाटांचा मिळून एकच धीरगंभीर आवाज येत राहतो. त्याला दुसरा शब्द शोधून बघा.

(दृश्य: घाटमाथा. संध्याकाळ. समोर काळा कडा.)

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. परत आलेला आवाज आपल्या आवाजापासून वेगळा कळायला भिंत निदान १७ मीटर लांब हवी, नाहीतर दोन्ही एकात एक मिसळतात. हाक बरोबर एका सेकंदानं परत आली, तर जाऊन-येऊन ३४० मीटर, म्हणजे कडा १७० मीटरवर. गुराखी हे गणित करत नाही. तो फक्त शेवटचा स्वर लांबवतो. असा लांबलेला स्वर छापताना आपण त्यापुढे अवग्रह, म्हणजे 'ऽ' ही खूण, घालतो.

मराठीत हाकेला उत्तर देण्यासाठी एक अक्षर आहे: ओ. हाकेला ओ द्यायची असते. कडा ओ देत नाही. त्याला 'बाळूऽऽ' म्हटलं की तोही 'बाळूऽऽ' म्हणतो.

ऐका.

(गुराख्याची हाक: "बाळूऽऽऽ")

(कड्याकडून: "…ळूऽऽऽ")

थोडा वेळ वाऱ्याचा आवाज. खालच्या झाडीत गुरांच्या घंटा.

(मग खालून, बारीक, दुसऱ्याच गळ्यातून: "ओऽऽऽ")